भुयारी रेल्वेतले सांधे आणि सिग्नल डब्यात बसल्या बसल्या कसे ओळखायचे

गाडी बोगद्यात मधेच थांबली की डब्यात कोणीतरी म्हणतंच, पुढे गाडी असेल. असेलही. पण शेवटच्या स्टेशनाच्या जरा आधी गाडी रोज ठराविक जागीच रखडत असेल ना, तर बहुतेक वेळा घोळ पुढच्या क्रॉसओव्हरचा असतो, म्हणजे गाडीला शेजारच्या रुळावर नेणाऱ्या तिरक्या वाटेचा आणि तिच्या टोकांना फिरणाऱ्या रुळांचा, म्हणजे सांध्यांचा, आणि तो एकदा ओळखता आला की अख्खी लाईन कशी चालते ते आपोआप कळायला लागतं.

वही घ्या, दोन समांतर रेघा मारा, एक जायची एक यायची, त्यावर स्टेशनं टाका. आता प्रवासात मोबाईल खाली ठेवून खिडकीबाहेर बघा. बोगदा एकेका रुळाचा, नळीसारखा असेल तर काचेबाहेर सतत भिंत पळत असते. क्रॉसओव्हर टाकायचा तर दोन्ही रूळ एकाच पोकळीत आणावे लागतात, म्हणजे मोठी गुहा खणा नाहीतर वरून जमीन उकरा, महागडं काम, म्हणून असे सांधे बहुतेक स्टेशनाला चिकटूनच सापडतात. भिंत अचानक गायब झाली, पलीकडचा रूळ दिसला, आवाज मोकळा झाला आणि चाकाखाली ठेका सोडून खडखड झाली की तिथे तिरकी रेघ मारायची. जिथे वीज तिसऱ्या रुळातून येते तिथे सांध्यावर त्या रुळात गॅप ठेवावा लागतो, जुन्या गाड्यांचे दिवे त्यामुळे क्षणभर जायचे, नव्या गाड्यांत काही कळत नाही (मला ते दिवे जाणं आवडायचं, असो).

रेघ कोणत्या बाजूला तिरकी करायची? गाडी पुढे जाता जाताच पलीकडच्या रुळावर जाऊ शकत असेल तर फेसिंग. आधी सांधा ओलांडून पुढे जा, थांबा, मोटरमन दुसऱ्या टोकाला जाणार आणि मग उलटं येत पलीकडे, असं असेल तर ट्रेलिंग. दोन्ही एकाच जागी फुलीसारखे टाकले की सिझर्स, त्यात चार सांधे आणि मधे रुळांची फुली.

आता खरी मजा, दोन-तीन बटणं घ्या आणि शेवटचं स्टेशन मांडा. दोन फलाट, त्यांच्या आधी सिझर्स. एक नंबर येणाऱ्या रुळाच्या सरळ रेषेत, दोन नंबर जाणाऱ्या रुळाच्या. एकवर गाडी सरळ येतेय आणि दोनवरची सरळ निघतेय, दोघींना एकदम सोडता येतं, काही भांडण नाही. पण पुढची गाडी दोनवर घ्यायचीय म्हणजे ती तिरकी येणार, आणि एकवरची निघणार तीही तिरकीच, दोघींची वाट त्या मधल्या फुलीवरून. एक थांबणारच! बटणं सरकवून बघा, दोन मिनिटांत डोक्यात बसतं. आणि आपण बोगद्यात बसून घड्याळ बघतो ते या फुलीपायी. यावर उपाय म्हणून कुठे स्टेशनाच्या पुढे सायडिंग, म्हणजे गाडी उभी करायचा जादा रूळ, असतं, प्रवासी उतरवून गाडी तिथे जाऊन फिरते, आणि लंडनच्या केनिंग्टनला तर १९२६ पासून चक्क गोल लूप आहे, गाडी वळसा घालून परत येते, मोटरमनला केबिन बदलायची गरजच नाही.

शेवटच्या फलाटावर गाडी रांगत येते ते वेगळं, त्यात फुलीची गल्लत करू नका. लंडनच्याच मूरगेटला १९७५ मध्ये गाडी न थांबता बंद टोकावर आदळली, ४३ माणसं गेली, त्यानंतर तिथे अशा बंद फलाटांवर वेग आपोआप तपासायची सोय केली.

सिग्नल बघायचे तर फलाटाच्या टोकाला, पिवळ्या रेषेच्या आतच उभं राहून, आणि मोटरमनच्या तोंडावर फ्लॅश अजिबात मारू नका. जुन्या पद्धतीच्या लाईनवर गाडी गेली की लाल लागतो आणि काही ठिकाणी रुळाशेजारी एक छोटा दांडा वर आलेला दिसेल, लाल तोडून कोणी गेलंच तर तो गाडीखालच्या खटक्याला लागून इमर्जन्सी ब्रेक लावतो. गाडी कुठे आहे हे रुळातल्या करंटवरून कळतं, चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिले (त्या करंटवर चालणारा स्विच) पडतो, लाल. वीज गेली तरी रिले पडतो, म्हणजे बिघाड झाला तरी शक्यतो लालच, ही आयडिया १८७२ ची आहे आणि माझ्या मते रेल्वेतली सगळ्यात हुशार. आता सेकंद मोजा, लालचा हिरवा कधी होतो. शेपूट पुढचा सिग्नल ओलांडून गेलं तरी लगेच होत नाही, कारण त्यापुढेही थोडं अंतर रिकामं लागतं, कोणी लाल तोडलाच तर थांबायला जागा हवी. सांध्यावरून वाट द्यायची असेल तर सांधा फिरून लॉक झाल्याशिवाय हिरवा मिळतच नाही.

सीबीटीसीवाल्या, म्हणजे रेडिओवर गाड्या चालवणाऱ्या लाईनवर बोगद्यात दिव्याचे सिग्नल फारसे दिसणारच नाहीत, गाड्या रेडिओवरून आपली जागा सांगत राहतात आणि मागची त्या हिशेबाने अंतर ठेवते. लंडनची व्हिक्टोरिया लाईन १९६८ पासून ऑटोमॅटिक चालते, आता गाडीला कुठवर जायचं ते रेडिओवरून कळतं (जागा मात्र रुळातल्या करंटवरूनच), आणि गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या काढते, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. अशा लाईनवर कान आणि वेग हेच साधन. पण सांधा तिथेही सांधाच, फिरायला त्याला त्याचे सेकंद लागतातच, त्यामुळे वहीतल्या तिरक्या रेघा सोडू नका, गाडी रखडली की आधी तिथेच बघा.