सीएनसी ऑपरेटरचा रिझ्युमे: शॉपवर तो कसा वाचला जातो

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं प्रॉडक्शन मी बघते. रिझ्युमे एचआर गोळा करतं, पण मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते मी ठरवते. आयटीआय किंवा डिप्लोमा करून दोन-चार वर्षं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटर कंट्रोलच्या, मशीनवर काढलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी वरचं ते ‘ऑब्जेक्टिव्ह’ उडवा. ‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ हे सायबर कॅफेवाल्याने अख्ख्या तालुक्याला छापून दिलेलं असतं. त्या जागी दोन ओळी पुरतात: ट्रेड कोणता, मशीन कोणतं, अनुभव किती, सध्या राहता कुठे. राहण्याचं ठिकाण मी खरंच बघते. आळंदीहून रोज येणं जमतं. दौंडहून तिसऱ्या शिफ्टला कोण येणार?

मग काम. इथे बहुतेक जण माती खातात. ‘सीएनसी ऑपरेटर. मशीन हँडलिंग. क्वालिटी मेंटेन करणे.’ यातून मला काय कळायचं? असं लिहा:

‘दोन ॲक्सिस टर्निंग सेंटर, फॅनक कंट्रोल. बेअरिंग हाउसिंग, मटेरियल कास्ट आयर्न. बोरचा टॉलरन्स 20 मायक्रॉन, बोअर गेजने चेकिंग. इन्सर्ट बदलणं आणि वेअर ऑफसेट देणं स्वतः. प्रोग्राम एडिट करतो, नवा लिहीत नाही.’

शेवटचं वाक्य वाचून माझा विश्वास बसतो. जे येत नाही ते सरळ लिहिणारा माणूस जे येतं तेही खरंच लिहीत असणार. उलट ‘प्रोग्रामिंग एक्स्पर्ट’ लिहिलंत, तर मी जी-71 सायकल, म्हणजे टर्निंगच्या रफ कटचा कोड, कागदावर लिहायला लावते.

आकडे टाकताना जपून. ‘व्हर्नियरने 5 मायक्रॉनपर्यंत चेकिंग’ असं लिहिलेले रिझ्युमे येतात. आपल्याकडच्या साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिलिमीटर, म्हणजे 20 मायक्रॉन. त्याने 5 मायक्रॉन कसे दिसणार? तो रिझ्युमे तिथेच बाजूला जातो. रिजेक्शन कमी केलं असेल तर किती होतं, किती झालं आणि तुम्ही नेमकं काय बदललंत, तेवढं सांगा. आकडा आठवत नसेल तर नुसतं काय बदललंत ते लिहा, तेही चालतं.

कॉन्ट्रॅक्टवर काम केलेली मुलं एक गोष्ट लपवतात. मोठ्या कंपनीच्या प्लांटमध्ये होते, म्हणून फक्त कंपनीचं नाव टाकतात. पगाराची स्लिप निघते कॉन्ट्रॅक्टरच्या नावाची, पीएफच्या पासबुकातही तेच नाव, आणि मग पडताळणीत माणूस खोटा ठरतो, विनाकारण. दोन्ही नावं लिहा: अमुक प्लांट, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत. यात कमीपणा काही नाही. मधे वर्षभर शेती बघितली असेल तर तसंच लिहा, तारखा ताणू नका.

वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय का, छंद, खालचं ते ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ हे सगळं स्थळाच्या बायोडाटात शोभतं, इथे काढून टाका. ॲप्रेंटिसशिप मात्र विसरू नका. कुठे केली, कोणत्या मशीनवर, सर्टिफिकेट हातात आहे का. नोटीस पिरियड लिहा. पगाराची अपेक्षा समोर बसल्यावर बोलू.

एक पान पुरे. फाइल पीडीएफच हवी, व्हॉट्सॲपवर कागदाचा तिरका फोटो नको. फाइलला तुमचं नाव आणि ट्रेड द्या. ‘न्यू फायनल 2’ नावाच्या फायलींतून माणूस शोधत बसायला इथे कुणाला वेळ नाही. नाइट शिफ्टला असाल तर नंबराखाली ‘दुपारी चारनंतर फोन करावा’ असं टाका. एचआर सकाळी अकराला फोन लावतं, तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता आणि ते यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतात.