साध्या माणसाच्या हातून गुन्हा: २००० शब्दांची कथा कशी लिहावी

गुन्हा नंतर, आधी आकडा ठरवा. पतसंस्थेतला कॅशियर, पगार १८,०००, मुलीच्या प्रवेशाला ४०,००० कमी, मुदत शुक्रवार. ‘घरी ओढाताण होती’ एवढ्याने वाचक हलत नाही.

पहिली चोरी परत करता येईल एवढीच ठेवा. पिग्मी एजंटने आणलेले ८०० रुपये त्या दिवशी वहीत चढवलेच नाहीत. उद्याच्या भरण्यातून ते भागवायचे, परवाच्यातून उद्याचे. म्हणजे रोज एक नवी खोटी नोंद. निम्मे शब्द इथेच खर्च करा. तो सापडावा तोही याच कामात: कॅशियर तापाने घरी पडलेला असताना पतसंस्थेत खातेदार पासबुक भरून घ्यायला येतो. (असे लोक रजा घेत नाहीत ते याचसाठी. हे आधी पेरून ठेवा.)

सुटकेची एक वाट मात्र उघडी हवी. मेहुणा उसने द्यायला तयार आहे, पण याला त्याच्यापुढे हात पसरायचा नाही. ही वाट नसली की पात्र नुसतं बिचारं होतं. बहुतेक कथा इथेच फसतात.

पोलीस दोन परिच्छेदांत उरका. प्रकरण खुनापर्यंत गेलं आणि घटना १ जुलै २०२४ किंवा नंतरची असली, तर ३०२ नको. भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३.