चोर अर्ध्यातून पळाला म्हणजे आपण सुटलो असं समजू नका, या चुका टाळा

तुळजापूर-अक्कलकोट करून रात्री उशिरा घरी यावं आणि बघावं तर कोयंडा वाकलेला, कुलूप लोंबतंय, आत कपाट उघडं पण दागिने जागच्या जागी. मग सगळे म्हणणार देवीनंच वाचवलं, नवीन कुलूप आणायचं आणि विषय संपला. खरं तर चुका इथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'घाबरून पळालाय, आता कशाला परत येतोय' असं धरून चालणं. अहो तो सुधारला म्हणून गेलेला नसतो, त्या रात्री काहीतरी अडलं म्हणून गेलेला असतो. कोयंडा चिवट निघाला आणि वेळ गेला, समोरच्या घरातला लाईट लागला, कुत्रं गप्प बसेना, यंत्रमागावरची पाळी सुटून माणसं गल्लीत आली, बाहेर थांबलेल्या साथीदारानं फोन केला, किंवा आत कुणीतरी झोपलंय हे कळलं. कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1979 मध्ये मांडलं होतं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, करायला तयार माणूस, हाताला लागेल असं काहीतरी, आणि राखण करणारं कुणी नसणं. तुमच्याकडं त्या रात्री फक्त तिसरी गोष्ट पाच-दहा मिनिटं बदलली, बाकी दोन्ही तशाच आहेत. वर आता त्याला तुमचं दार, कपाट कुठंय, मागची खिडकी कशी आहे हे सगळं माहीत झालंय.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल गावात किर्कहोल्ट नावाची वसाहत आहे, तिथं 1980 च्या दशकात घरफोड्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटायची शक्यता इतर घरांपेक्षा बरीच जास्त असते. मग त्यांनी फुटलेल्या घरांवरच जोर दिला, घरातले नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले कारण चोरांना त्यातली रोकड मिळायची, कड्या-कुलपं भक्कम केली आणि आजूबाजूच्या घरांना त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं, घरफोड्या खूप कमी झाल्या. आपल्या सोसायटीत हे करायला काय लागतंय, शेजारच्या चार-पाच घरांशी बोलायचं एवढंच, पण लोक लाजेनं सांगतच नाहीत.

दुसरं, कारण न शोधताच ठरवून टाकणं. 'कॅमेरा बघून पळाला' असं म्हणून आणखी दोन कॅमेरे लावायचे आणि तो कोयंडा तसाच ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही. तोंड बांधून आलेल्याला कॅमेऱ्याचं काय पडलंय! दारावर कटावणीच्या खुणा किती आहेत बघा, त्या वेळी गल्लीत कोण जागं होतं विचारा, फुटेज बघून तो नेमका कशानं थबकला ते शोधा. जे कामी आलं तेच वाढवायचं. आणि फुटेज लगेच कॉपी करून ठेवा, डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, जुनं पुसून टाकतो.

'काही गेलंच नाही तर तक्रार कसली' ही चूक तर फार जणांची होते. कायद्यात चोरी पूर्ण व्हायलाच पाहिजे असं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 62 मध्ये उदाहरणच दिलंय, दागिन्यांसाठी पेटी फोडली आणि आत दागिने नव्हते तरी तो प्रयत्नाचा गुन्हा. आणि रात्री चोरीच्या इराद्यानं घर फोडून आत शिरला असेल तर कलम 331 खाली 14 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, मग एक रुपया का गेला नसेना. सोलापुरात विजापूर नाका ठाण्याची हद्द की सदर बझारची हा घोळ असेल तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते, ऑनलाइन कळवलं तर 3 दिवसांत जाऊन सही करायची. नोंदच नसेल तर पुढच्या गल्लीत तोच माणूस सापडला तरी तुमच्या घराशी त्याचा संबंध कसा लागणार?

पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत आवराआवर करू नका. बायकामाणसं घाबरून लगेच फरशी पुसायला घेतात, कपाट लावतात, ठसे तिथंच जातात. तोडलेलं कुलूपसुद्धा हातात घेऊन शेजाऱ्यांना दाखवत फिरू नका.

आणि तो आत असतानाच तुम्ही पोचलात तर दार अडवून उभं राहू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. पळायला वाट असली तर बहुतेक जण सगळं टाकून पळतात, अडकला की कटावणी तुमच्यावर चालते आणि चोरीची जबरी चोरी होते. गच्चीवरून, रस्त्यावरून, शेजाऱ्यांच्या दारातून ओरडा, लाईट लावा, पण वाट मोकळी ठेवा. 112 ला फोन लावा, पत्त्याआधी जवळची खूण सांगा, किती जण होते, कुठल्या बाजूला गेले, गाडी कुठली होती, जेवढं दिसलं तेवढंच सांगा, अंदाजानं भर घालू नका.