स्पॅनिशच्या परीक्षेत मेडल कसं येतं? कोकणातल्या पोरांसाठी तयारीची पद्धत

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा फोटो कधी ना कधी येतोच, भाचीला नाहीतर पुतण्याला 'नॅशनल स्पॅनिश एक्झाम'मध्ये गोल्ड मिळालं म्हणून, आणि मग इथल्या रत्नागिरी, चिपळूण, मालवणच्या आयांचे मला मेसेज सुरू होतात की ताई, आमचा पण नववीत आहे, मोबाईलवर स्पॅनिश शिकतोय, त्याला असं काही देता येईल का. येईल, नक्की येईल. मी स्पॅनिश शिकवते, आणि माझं ठाम मत आहे की मराठी घरातल्या पोराला ही भाषा इंग्लिशमधून शिकणाऱ्या पोरापेक्षा सोपी जाते, फक्त त्याने ती मराठीतून शिकली पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो, आधी इंग्लिश मग स्पॅनिश, आणि वाट लांबवतो.

आधी परीक्षेचं समजून घ्या. अमेरिकेतली ती परीक्षा स्पॅनिश आणि पोर्तुगीज शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना घेते, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांमार्फत, ऑनलाइन. दोन भाग असतात, एकात शब्द आणि व्याकरण, दुसऱ्यात वाचून समजणं आणि ऐकून समजणं, आणि सगळं पर्याय निवडायचं. निबंध नाही, तोंडी नाही. मेडल मात्र मार्कांवर नाही, पर्सेंटाइलवर मिळतं, म्हणजे त्या लेव्हलच्या देशभरातल्या बाकी मुलांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात त्यावर. ९५ आणि त्यापुढे गोल्ड, ८५ ते ९४ सिल्व्हर, ७५ ते ८४ ब्राँझ, ५० ते ७४ ला ऑनरेबल मेन्शन. त्यामुळे तिथल्या मुलांना 'पास होण्यापुरतं' करून चालतच नाही, आणि मेडल मिळवणारी पोरं कान तयार करतात. धड्यामागचे शब्द वर्गातले सगळेच पाठ करतात हो, फरक पडतो तो ऐकण्यात.

ही परीक्षा तिकडच्या शाळांची, आपल्या दापोलीच्या शाळेतून ती देता येणार नाही. आपल्याकडच्या मुलांसाठी डेले आहे. स्पेन सरकारचा डिप्लोमा, इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही त्यांची स्पॅनिश शिकवणारी सरकारी संस्था देते, दिल्लीत त्यांचं सेंटर आहे. शाळकरी मुलांसाठी वेगळे पेपर असतात, ११ ते १७ वयाच्या मुलांना धरून काढलेले, एक ए१ (म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, त्यावर ए२, मग बी१) आणि दुसरा ए२/बी१ असा जोड पेपर, त्यात जसे मार्क पडतील तशी ए२ किंवा बी१ लेव्हल मिळते. यात गोल्ड-सिल्व्हर नाही, पास किंवा नापास, पण सर्टिफिकेटला एक्स्पायरी नाही, एकदा मिळालं की आयुष्यभराचं.

मार्कांची एक मेख नीट बघा. ए१ मध्ये वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ मार्कांचे. वाचन आणि लेखन मिळून एक गट, ऐकणं आणि बोलणं मिळून दुसरा, आणि दोन्ही गटांत ५० पैकी ३० वेगवेगळे पाहिजेत. म्हणजे वाचन-लेखनात ४८ आणले आणि ऐकण्या-बोलण्यात २७ वर अडकलात तर नापास, बेरीज ७५ असली तरी. आपली मुलं वाचन-लेखनात हुशारच असतात, दुसऱ्या गटात घसरतात. म्हणून अभ्यासाचा निम्म्याहून जास्त वेळ कानाला आणि तोंडाला द्या.

आता पद्धत.

पहिलं, उच्चार. इथे आपण आधीच पुढे आहोत. स्पॅनिशचा त आणि द आपल्या त-द सारखे दातांना लागून येतात, ट-ड नाहीत, स्वर स्वच्छ, र खणखणीत. इंग्लिश मीडियमची पोरं 'टाको' म्हणतात, तुम्ही बिनधास्त 'ताको' म्हणा. फक्त लिहिताना देवनागरीचा आधार पहिला महिनाभरच घ्या आणि मग सोडा, कारण 'ह' लिहितात पण बोलत नाहीत, 'ब' आणि 'व्ह' ची अक्षरं वेगळी पण आवाज एकच, आणि अक्षरावरची तिरकी रेघ चुकली तर लेखनात ती चूकच धरतात.

दुसरं, वाक्य मराठीतून बांधा. हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात करून दाखवते. मला मासे आवडतात, यात आवडतात हे क्रियापद माशांप्रमाणे चालतं ना, मी एकटी असले तरी? स्पॅनिशमध्ये अगदी तसंच. मला मासा आवडतो, 'मे गुस्ता एल पेस्कादो'. मला आंबे आवडतात, 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्लिशमधून शिकणारं पोर इथे हमखास गडबडतं कारण त्याच्या डोक्यात 'आय लाइक' बसलेलं असतं, आपल्याला काही नवीन शिकायचंच नाहीये. तसंच मी, तू हे शब्द गाळणं, 'जातेस का' म्हटलं की कोण ते कळतं, त्यांचंही क्रियापद सगळं सांगून टाकतं.

मोठा फायदा भूतकाळात आहे. स्पॅनिशला दोन मुख्य भूतकाळ आहेत आणि जगभरची मुलं त्यावर वर्षं घालवतात, एक घडून संपलेल्या गोष्टीचा आणि एक चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीचा. आम्ही समुद्रावर गेलो, 'फुईमोस आ ला प्लाया'. लहानपणी आम्ही समुद्रावर जायचो, 'ईबामोस आ ला प्लाया'. 'गेलो' आणि 'जायचो' यातला फरक तुम्हाला कोणी शिकवला? कोणीच नाही, तो आहेच तुमच्याकडे. आता हे वाक्य बघा: पाऊस पडत होता आणि लाइट गेली. 'योबीआ, इ से फुए ला लूस.' पडत होता तिथे एक काळ, गेली तिथे दुसरा, आणि लाइट त्यांचीही 'जातेच'. जून ते सप्टेंबर हे वाक्य घरी रोज म्हणायला मिळतं, म्हणा. पुढे बी१ ला जाल तेव्हा सबजंक्टिव्ह नावाचं प्रकरण येतं, त्याला घाबरू नका, 'तू यावंस असं मला वाटतं' मधलं 'यावंस' साधारण त्याच कामाचं आहे, 'किएरो के बेंगास'.

जिथे मराठी मदत करत नाही ती जागा पण सांगते, कारण मार्क तिथेच जातात. 'आहे' साठी त्यांना दोन क्रियापदं. 'एल मांगो एस बेर्दे' म्हणजे आंबा रंगानेच हिरवा, त्या जातीचा तो रंगच आहे. 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चा आहे, पिकायचाय. एप्रिलमध्ये अढीतल्या पेट्या उघडताना एकेक आंबा हातात घ्या आणि म्हणत बसा, कच्चा, पिकला, खराब झाला, सगळीकडे 'एस्ता'. देवगड हापूस आहे, पायरी आहे, गोल आहे, तिथे 'एस'. वही घेऊन बसून हे डोक्यात जात नाही, हाताने जातं. लिंगाचं पण तसंच, आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'ला मानो' स्त्रीलिंगी, त्यामुळे प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला' लावूनच पाठ करायचं, सुटं कधीच नाही.

शब्दसाठ्याचं थोडक्यात. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर सोडलेले शब्द कामाला येतात कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमधून झालेली बोली आजही घरात बोलतात. चावी 'याबे', साबण 'खाबोन', पाव 'पान', पगार देणं 'पागार'. पण याच्या भरवशावर राहू नका, अननस स्पेनमध्ये 'पिन्या' आहे आणि काजू 'अनाकार्दो'.

आता कान, आणि यावर मी सगळ्यात जास्त जोर देते. रोज ऐकायचं, थोडं पण रोज. नेटचा प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये, त्यामुळे रात्री रेंज चांगली असते तेव्हा ऑडिओ डाउनलोड करून ठेवायचे आणि सकाळी शाळेच्या एसटीत कानात घालायचे. सुरुवातीला शिकणाऱ्यांसाठी केलेले सावकाश पॉडकास्ट, नंतर स्पेनचा रेडिओ किंवा डॉइचे वेले या जर्मन वाहिनीच्या स्पॅनिश बातम्या. एक तुकडा एक मिनिटाचा घ्या, पहिल्यांदा नुसता ऐका, दुसऱ्यांदा कोण, कुठे, कधी, किती एवढंच टिपा, तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर मोठ्याने बोला. हे तिसरं कोणी करत नाही, लाज वाटते, आणि तिथेच फरक पडतो. दहा वेगळे ऑडिओ एकदा ऐकण्यापेक्षा एक ऑडिओ आठवडाभर घासलेला बरा.

आकडे वेगळे घासा. 'सेसेन्ता' म्हणजे ६० आणि 'सेतेन्ता' म्हणजे ७०, घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि पेपरमध्ये किमती, वेळा, फोन नंबर विचारतातच. घरात कोणाला तरी बाजारातल्या किमती मराठीत वाचायला सांगा, तुम्ही स्पॅनिशमध्ये बोला, आजीला बसवलं तर आजी मजेने करते. आणि सगळे उच्चार एका देशाचे नसतात हे लक्षात ठेवा, स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी जिथे 'थ' ऐकाल तिथे मेक्सिकोत 'स', आणि 'य' म्हणून शिकलेला आवाज ब्युनोस आयरेसचा माणूस 'श' सारखा काढतो. ए१ ला ऑडिओ दोनदा ऐकवतात, तेव्हा पहिल्या वेळी एखादा शब्द सुटला तर तिथेच अडकून बसायचं नाही, पुढचं ऐकत राहायचं.

बोलण्यासाठी माणूस पाहिजे. गावात स्पॅनिश बोलणारं कोणी नसेल तर दोन मैत्रिणींनी मिळून शिका, आणि एकट्याने करायचं असेल तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, ओळख, घर, जेवण, शाळा, गाव, हे विषय फिरून फिरून येतात. गावावर बोलताना 'समुद्र आहे, सुंदर आहे' एवढ्यावर थांबू नका, सकाळी बंदरावर लिलाव होतो, बाबा बागेत फवारणी करतात, गणपतीत मुंबईकर येतात, हे साध्या सोप्या वाक्यांत सांगा. परीक्षकाला पुढचा प्रश्न विचारायला काहीतरी मिळतं आणि गप्पा चालतात. 'तू' आणि 'तुम्ही' तिथेही आहे, परीक्षकांशी 'उस्तेद' ने सुरुवात करा, ते 'तू' वर आले तर तुम्ही पण या.

जुने नमुना पेपर सेर्वान्तेसच्या साइटवर ऑडिओसकट फुकट मिळतात, ते शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा आणि घड्याळ लावूनच सोडवा. चुकलेल्या प्रश्नापुढे का चुकलं ते मराठीत एका ओळीत लिहा, शब्द माहिती नव्हता, की ऐकू आला नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही. त्या ओळी वाचल्या की पुढच्या आठवड्यात काय करायचं ते आपोआप ठरतं.

वर्ष कुठलं निवडायचं? माझ्या मते आठवीत सुरुवात आणि नववीत ए१, दहावीच्या वर्षी परीक्षा नको, फक्त ऐकणं चालू ठेवा, आणि अकरावीत ए२/बी१. पालकांनी दहावीत दोन्ही लादू नये, पोरं दोन्हीकडून थकतात.

फॉर्म भरताना तारखा आधी बघा, परीक्षा वर्षातून ठरावीक दिवशीच असते आणि नोंदणी बरीच आधी बंद होते, जवळचं केंद्र कुठलं तेही साइटवरच बघायचं. कोकणातून जाणार असाल तर तोंडी परीक्षा लेखीच्याच दिवशी असेल असं धरू नका, ती आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पण लावतात, त्यामुळे वेळ हातात आल्याशिवाय रेल्वेचं परतीचं तिकीट काढू नका आणि आदल्या रात्रीच पोचा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि नाव पासपोर्टवर किंवा जे ओळखपत्र नेणार त्यावर आहे तसंच भरा, मधलं वडिलांचं नाव, आडनाव, स्पेलिंग, सगळं, कारण डिप्लोमावर तेच छापून येतं आणि नंतर दुरुस्त करायला फार त्रास होतो.