बाळाचं वजन नीट वाढतंय का, अंगावरचं दूध असो की पावडरचं, कसं बघायचं

"दूध पुरत नाहीये गं, वरचं सुरू कर" हे बाळंतिणीला येणारा-जाणारा प्रत्येक जण ऐकवतो. डबा आणायच्या आधी एवढं बघा.

१) वजन. पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतंच, ३ किलोचं बाळ २ किलो ८०० वर आलं तरी घाबरू नका, पण १०-१४ दिवसांत परत जन्माच्या वजनावर यायला हवं आणि मग पहिले तीन महिने दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम वाढ. रोज रोज काट्यावर ठेवू नका, एकाच काट्यावर, कपडे काढून, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुरे.

२) शेजारच्या बाळाशी तुलना नको. पावडरवरची बाळं तीन महिन्यांनंतर बहुतेक वेळा जास्त भरतात, म्हणून अंगावर पिणारं अशक्त ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते अंगावर पिणाऱ्या बाळांवरूनच केलेत, त्यात दिल्लीची बाळंही होती. तुमच्या बाळाची रेघ वर चढतेय ना, ते अंगणवाडी ताईंकडून कार्डावर भरून घ्या.

३) पकड. माझ्या मते खरी गोम इथेच असते. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, तोंड मोठ्ठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, आणि तोंडात नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही. नुसतं टोक धरलं की आईला दुखतं, बाळ तासभर चोखत राहतं आणि दूध मात्र थोडंच येतं. एक बाजू पूर्ण पिऊ द्या मगच दुसरी, कारण शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. रात्र धरून ८-१२ वेळा पाजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा शू झाली तर दूध पोचतंय.

४) पावडर लागलीच तर मनात अपराधीपणा ठेवू नका, पण माप पाळा. उकळलेलं पाणी आधी, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट माप, किती ते डब्यावर वाचून. डबा पुरवायला पातळ केलं तर पोट भरतं पण वजन अडतं, घट्ट केलं तर बाळाला त्रास. बाटली संपवायची जबरदस्ती नको, उरलेलं टाकून द्या.

५) सहा महिन्यांपर्यंत घुटी, वरचं पाणी काही नाही, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नाहीच.

दोन आठवड्यांनीही वजन परतलं नाही, शू कमी झाली किंवा बाळ प्यायलाही उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.