मोबाइलवरचा मुक्त वायफाय ड्रायव्हर कसा तपासावा आणि सुधारावा

फोनवर लिनक्स चढलं, वायफाय जोडलं गेलं, एखादं पान उघडलं, एवढ्यावर ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम, ठीक आहे असं मानू नका. मोबाइलवरचा ड्रायव्हर गडबडतो तो मुख्यतः फोन झोपताना आणि जागा होताना. तपासणीचा जोर तिथेच हवा.

आधी कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती, चिप, ड्रायव्हर (एटीएच१०के, डब्ल्यूसीएन३६एक्सएक्स, जो असेल तो) आणि फर्मवेअरची (खुद्द चिपमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती लिहून ठेवा. ड्रायव्हर मुक्त (कोड सर्वांना खुला) असला तरी चिपमधलं फर्मवेअर बहुधा बंदिस्तच असतं, आणि ते बदललं की निकालही बदलू शकतात.

मग वेग मोजा. राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालू ठेवून फोनवरून दोन्ही दिशांना तीन-तीनदा मोजा. फोन टेबलावरच राहू द्या. हातात धरला तरी सिग्नल पडतो.

आता संगणकावरून फोनला दर सेकंदाला पिंग करा, म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहा. पॉवर सेव्हमध्ये चिप डुलकी घेते. तिची पाकिटं राउटर धरून ठेवतो आणि बीकनमधून, म्हणजे ठरावीक वेळाने सोडलेल्या संकेतातून, तिला कळवतो. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. त्यामुळे उत्तराला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागले तर तो दोष नव्हे. पण पाच-सहा उत्तरं अडकली आणि मग एकदम लोंढा आला, तर 'आयडब्ल्यू' या आज्ञेने पॉवर सेव्ह बंद करून पुन्हा बघा. त्रास गेला तर शोधाची जागा सापडली.

पुढे 'आरटीसीवेक' या आज्ञेने फोन वीस सेकंद झोपवा आणि उठवा, असं पंचवीस वेळा. प्रत्येक वेळी जोडणी परत आली का आणि कर्नेलच्या लॉगमध्ये फर्मवेअर कोसळल्याची ओळ आहे का, ते पाहा. ब्लूटूथवर गाणं लावूनही एक फेरी कराच; २.४ गिगाहर्ट्‌झवर वायफाय आणि ब्लूटूथची ओढाताण होते.

जुन्या कर्नेलवर हे नीट चालत होतं? मग गिट बायसेक्ट करा, म्हणजे दर चाचणीला बदलांची यादी निम्मी करत दोषी बदल शोधा. हजार बदलांतला नेमका बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. मात्र दोष अधूनमधून येणारा असेल तर घाईने 'चांगलं' म्हणू नका. एक चुकीचं उत्तर पुढचा सगळा शोध भलतीकडे नेतं.

दुरुस्ती जमली की एका पॅचमध्ये (कोडमधला बदल पाठवायच्या फाइलमध्ये) एकच बदल ठेवा, चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवा आणि वर्णनात आधीचे-नंतरचे आकडे द्या. कोड लिहिता येत नसेल तर दुसऱ्याचा पॅच याच पद्धतीने तपासून 'टेस्टेड-बाय' (कोणी तपासलं ते सांगणारी) ओळ पाठवा. तुमच्याकडचा फोन त्या पॅच लिहिणाऱ्याकडे बहुतेक नसतो.