पुण्यात पाण्याबाहेरच उणे ६५ सेंटिमीटर खोली!

पाण्यात चालणाऱ्या रोव्हरसाठी खोली आणि हालचाल मोजणारा घरगुती जोड: एमएस५८३७-३०बीए दाबाचा सेन्सर, हालचाल मोजणारा एमपीयू६०५० आणि हे सगळं चालवणारा ३.३ व्होल्टचा छोटा कंट्रोलर ईएसपी३२. वायर, रेझिस्टर असलं किरकोळ सामान पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळतं.

टेबलावरच खोली उणे ६५ सेंटिमीटर दिसली, तर सेन्सर बिघडलेला नाही. कोडमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीचा, म्हणजे १०१३ मिलिबार, धरलेला असतो. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर; इथे तो ९५०च्या आसपास. गोड्या पाण्यात १ मीटर म्हणजे ९८ मिलिबार, करा हिशोब. उपाय सोपा: चालू होताच हवेतली ५० रीडिंग घेऊन त्यांची सरासरी शून्य धरायची. त्याच वेळी जोड हलवायचा नाही, म्हणजे जायरोचा (एमपीयू६०५० मधला फिरण्याचा वेग मोजणारा भाग) ऑफसेट, म्हणजे स्थिर असतानाही दिसणारी चूक, तीही निघते. समुद्रात नेणार असाल तर कोडमध्ये पाण्याची घनता १००० ऐवजी १०२५ टाका.

मोटर सुरू होताच रीडिंग उड्या मारतं? आय-टू-सी, म्हणजे सेन्सर आणि ईएसपी३२ ज्या दोन तारांवरून बोलतात ती पद्धत, लांब वायरीवर रडतं. वेग १०० किलोहर्ट्झ, पुल-अप (त्या तारांना ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर) २.२ किलोओहम, आणि वायर मोटरच्या वायरीपासून लांब.

खरी डोकेदुखी गळती. एपॉक्सी (घट्ट होणारा दोन भागांचा गोंद) कितीही ओता, पाणी वायरीच्या आतून, तारांमधल्या फटींतून चढतं. एपॉक्सीत बुडणाऱ्या भागात १ सेंटिमीटर इन्सुलेशन सोला, तारांत सोल्डर मुरवा, मगच ओता. पाच मिनिटांत सुकणारं नको, चोवीस तासांचंच घ्या. सेन्सरच्या पांढऱ्या जेलवर एपॉक्सीचा थेंबही पडू देऊ नका. पडला की तो सेन्सर गेलाच समजा.